पुस्तकातली दांडी आणि उघाडीची झडप

दाराची मूठ बिजागरीपासून दूर का बसवतात, हा प्रश्न आपण शाळेत इतक्या वेळा विचारला आहे की मुले आता तो पुरा होण्याआधीच उत्तर देतात. अंतर वाढले की आघूर्ण वाढते, म्हणून थोड्या बलात दार फिरते. उत्तर बरोबर आहे. पण त्याच दाराच्या दुसऱ्या कडेला दोन-तीन बिजागऱ्या आहेत, त्या चौकटीला स्क्रूने आवळलेल्या आहेत, आणि दार ढकलले जात असताना त्या काही रिकाम्या बसलेल्या नसतात. त्यांच्यावर किती बल येते? कोणत्या दिशेने येते? हे मात्र कोणी विचारत नाही. घरातले दार बिघडते तेव्हा मूठ क्वचितच निखळते, बिजागरीच निखळते, हे सर्वांनी पाहिलेले असूनही!

या लेखात तक्रार करायची आहे ती या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल. एका आसाभोवती फिरणारी दृढ वस्तू हा यामिकीतला अगदी मधला विषय. त्याच्या एका अंगाला शाळेतली तरफ आहे, तर दुसऱ्या अंगाला धरणाचे दरवाजे, यारीचे हात, रेल्वे फाटकाचा आडवा दांडा आणि आपल्या कोपराचा सांधा. आपली पुस्तके हा विषय शिकवतात, गणितेही घालतात. तरी जो बिंदू सर्वांत जास्त सोसतो, तो आकृतीत एका काळ्या ठिपक्यापुरता राहतो.

रोह्याला शिक्षकांच्या एका मेळाव्यात मी फळ्यावर एक आडवी दांडी काढली. डावे टोक बिजागरीला अडकवलेले, उजवे टोक हाताने धरलेले. हात सोडला त्या क्षणी बिजागरी दांडीला किती बलाने वर उचलून धरते, असे विचारले. काहींनी दांडीचे पूर्ण वजन सांगितले, काहींनी निम्मे. एक-दोघांनी शून्य सांगितले, कारण "आघूर्ण बिजागरीभोवती घेतले की बिजागरीचे बल निघून जाते." हे शेवटचे उत्तर मला सर्वांत बोलके वाटले. बिजागरीभोवती आघूर्ण घेतले की तिच्या बलाचे आघूर्ण शून्य होते, कारण अंतर शून्य असते. बल शून्य होत नाही. हिशेबाच्या सोयीसाठी जे बाजूला ठेवले, ते हळूहळू अस्तित्वातच नाही असे वाटू लागते. मी स्वतः पदवीला असताना हेच उदाहरण बरोबर सोडवले होते, गुणही मिळवले होते, आणि बिजागरीचा विचार एकदाही मनात आला नव्हता. त्यामुळे दोष शिक्षकांना देण्याचा मला अधिकार नाही. दोष मांडणीत आहे आणि तो कुठे शिरतो ते पाहू.

राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात, म्हणजे २०२० साली आलेल्या पुस्तकात, घूर्णन गतीचा धडा पहिलाच आहे. ही चांगली गोष्ट आहे. त्यात वळणावरच्या रस्त्याचा उतार आहे, जत्रेतला मौत का कुआँ आहे, शंकुलंबक आहे, उतारावरून गडगडत येणारी चकती आहे. उदाहरणे रंजक आहेत. पण यांतल्या एकाही वस्तूला खिळा ठोकलेला नाही. धड्याचा भर सुट्या वस्तूंवर आहे, आणि आसाला खिळलेली वस्तू येते ती मुख्यतः सूत्राच्या सिद्धतेत. ही सिद्धता केवळ याच पुस्तकात नाही, जवळजवळ सर्वच पुस्तकांत अशीच असते. वस्तूचे बारीक कण कल्पायचे. आसापासून जितके अंतर, तितके त्या कणाचे त्वरण जास्त. त्वरणाला कणाच्या वस्तुमानाने गुणले की कणावरचे बल. त्या बलाला पुन्हा अंतराने गुणायचे, सर्व कणांची बेरीज करायची, आणि आघूर्ण बरोबर जडत्व आघूर्ण गुणिले कोनीय त्वरण हे सूत्र हाती येते. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाशी त्याचे साम्य दाखवणारे एक कोष्टक खाली असते. वस्तुमानाच्या जागी जडत्व आघूर्ण, त्वरणाच्या जागी कोनीय त्वरण, बलाच्या जागी आघूर्ण. मुलांना कोष्टक फार आवडते, कारण ते पाठ होते.

या सिद्धतेत एक ओळ मोठी चोरटी आहे. "कणावरचे बल अंतराच्या प्रमाणात असते." बरे, पण हे बल त्याला पुरवतो कोण? आडव्या दांडीचेच घ्या. गुरुत्वाकर्षण दांडीच्या प्रत्येक तुकड्याला सारखेच ओढते. बिजागरीजवळच्या तुकड्याला जितके, तितकेच टोकाच्या तुकड्याला. त्याला अंतराशी काही देणेघेणे नाही. फिरण्याची गरज एक आणि बाहेरून होणारा पुरवठा दुसराच. मधली तफावत कुठेतरी भरून निघायला हवी. ती दांडीच्या द्रव्यातल्या अंतर्गत बलांनी भरून निघते, आणि जे उरते ते बिजागरीवर जाते. सिद्धतेत ही अंतर्गत बले बेरीज करताना परस्पर नाहीशी होतात, म्हणून त्यांचे नावही घेतले जात नाही. गणित म्हणून हे चोख आहे. समज म्हणून मात्र भोक पडलेले आहे.

हा जमाखर्च एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. दांडीची लांबी ल, गुरुत्वत्वरण ग. जडत्व आघूर्ण वस्तुमान गुणिले ल-वर्ग भागिले तीन, हे सर्वांना पाठ असते. त्यावरून सोडल्या क्षणी कोनीय त्वरण ३ग/२ल निघते. म्हणजे मोकळ्या टोकाचे त्वरण दीड ग, मध्यबिंदूचे पाऊण ग, बिजागरीशी शून्य. बिजागरीपासून दोन-तृतीयांश अंतरावर ते बरोबर ग असते. आता पाहा. गुरुत्वाकर्षण सर्वांना एक ग देते आहे. दोन-तृतीयांशाच्या आतल्या तुकड्यांना इतके नको आहे, त्यांच्याकडे शिल्लक पडते. बाहेरच्या एक-तृतीयांशाला जास्त हवे आहे, त्यांना तूट येते. आतले तुकडे बाहेरच्यांना खाली खेचायला मदत करतात. सगळ्या दांडीला मिळून लागते वजनाच्या तीन-चतुर्थांश बल, मिळते पूर्ण वजन. उरलेला एक-चतुर्थांश भाग बिजागरी पेलते. बिजागरीचे वर उचलणारे बल वजनाच्या पाव पट आहे. पूर्ण नाही, निम्मे नाही, शून्यही नाही.

पडताळा हवा असेल तर आघूर्ण बिजागरीऐवजी दांडीच्या मध्यबिंदूभोवती, म्हणजे वस्तुमानकेंद्राभोवती घ्यावे. तिथे वजनाचे आघूर्ण शून्य होते आणि दांडीला फिरवणारी एकटी बिजागरीच उरते! जी राशी मघाशी हिशेबातून बाहेर होती, तीच आता सगळे काम करते. उत्तर पुन्हा पाव पटच येते. वर्गात या दोन्ही रीती शेजारी-शेजारी केल्या तर पंधरा मिनिटे लागतील. मला वाटते, दृढ वस्तूंच्या संपूर्ण धड्यात याहून फायद्याची पंधरा मिनिटे नाहीत.

स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांनाही थोडे बोलायला हवे, कारण त्यांच्यावर "बिजागरी विसरता" असा आरोप करता येत नाही. तिथे बिजागऱ्या उदंड आहेत. दांडी आडवी सोडली, खाली उभी आली, आता बिजागरीवर किती बल? उत्तर वजनाच्या अडीच पट, एक पट वजन पेलायला आणि दीड पट वर्तुळात फिरवायला. हे मुलाला झोपेतही येते. पण या बिजागऱ्या सगळ्या गुळगुळीत, सगळ्या घर्षणरहित, सगळ्या शून्य जाडीच्या. दांडीचे काय करायचे आहे, ती कशासाठी टांगली आहे, हे विचारायची सोय नाही. राज्य मंडळाचे पुस्तक बिजागरीजवळ थांबत नाही, आणि शिकवणीचे पुस्तक थांबते ते फक्त आकडा उचलायला.

रोह्याच्या मुलाला खरी बिजागरी पाहायची असेल तर फार लांब जावे लागत नाही. कुंडलिका नदी गावाला लागून वाहते आणि पुढे रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या खाडीच्या दोन्ही तीरांवर, तसेच पेणकडच्या धरमतर खाडीच्या काठाने, खारेपाट पसरलेला आहे. भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवायला मातीचे बांध घातलेले आणि आत भाताची शेती. हे बांध पूर्वी शिलोत्रदार आणि शेतकरी राखत. १९४८ साली मुंबई राज्याने खारभूमीचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास अधिनियम आला. कायदे बदलले, बांधाचे काम मात्र तेच राहिले. बाहेरचे खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, आणि आत साठलेले पावसाचे पाणी बाहेर घालवायचे. या दोन उलट कामांसाठी बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. उघाडी म्हणजे बांधातून आरपार गेलेला पाण्याचा मार्ग. त्याच्या खाडीकडच्या तोंडाशी वरच्या कडेला बिजागरीने टांगलेली एक झडप असते. भरती चढली की बाहेरचे पाणी झडपेला चौकटीवर दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलून उघडते. दिवसाकाठी दोन भरत्या, वर्षाला सुमारे सातशे, आणि दर वेळी कोणी माणूस उभा राहून दार उघडत-लावत नाही. झडप अडकली किंवा निखळली, तर खारे पाणी थेट शेतात शिरते. बांधाला खांड पडली की जे होते तेच मग या चौकोनी भोकातून होते. जमिनीत एकदा मुरलेले मीठ पावसाच्या पाण्याने धुऊन निघायला काही हंगाम जातात.

मेळाव्यातल्या अनेकांनी उघाड्या पाहिलेल्या होत्या. एक-दोघांच्या घरची शेती खारेपाटात होती. तरीही वरच्या कडेला टांगलेली एकसारख्या जाडीची झडप आणि फळ्यावरची दांडी ही एकच वस्तू आहे, हे सांगेपर्यंत कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही मनात ते मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी, बांधावरून चालताना आले. तोवर वजन टांगायला मी त्याच त्या दांडीकडे पाहत होतो.

झडप एक मीटर उंच, एक मीटर रुंद समजू. आत पाणी नाही, बाहेर भरतीचे पाणी नेमके बिजागरीच्या पातळीपर्यंत आले आहे. पाण्याचा दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो. आणि इथे खोली म्हणजेच बिजागरीपासूनचे अंतर! वरच्या कडेला दाब शून्य, खालच्या कडेला सर्वांत जास्त, मध्ये सरळ प्रमाणात. एकूण बल निघते सुमारे ५,०२० न्यूटन, म्हणजे पाचशे किलोच्या वजनाइतके. ते एकवटून कुठे लागते असे मानायचे? बिजागरीखाली दोन-तृतीयांश मीटरवर.

सिद्धतेतली ती चोरटी ओळ आता आठवा. फिरणाऱ्या वस्तूच्या प्रत्येक कणाला आसापासूनच्या अंतराच्या प्रमाणात बल लागते. गुरुत्वाकर्षण ते तसे पुरवत नव्हते. समुद्र मात्र नेमके तसेच पुरवतो. समजा, झडप दोरीने किंचित उघडी धरली आहे आणि पाणी तिला मागून दाबते आहे. दोरी कापली. झडपेचा प्रत्येक आडवा पट्टा स्वतःला हवे तेवढे बल स्वतःच्या हिश्श्याच्या पाण्याकडून घेतो. वरच्याने खालच्याला देण्याघेण्यासारखे काही उरत नाही. झडपेच्या द्रव्यात वाकवणारे बल नाही, आणि बिजागरीवर आडव्या दिशेत येणारे बल शून्य. पाचशे किलोचा रेटा लागला आहे आणि बिजागरीला त्याचा पत्ताही नाही. (खरे पाहता हलणाऱ्या झडपेला आजूबाजूचे पाणीही सोबत हलवावे लागते, त्यामुळे हा हिशेब जड झडपेपुरताच जवळपास खरा मानावा. पण मुद्दा त्याने मरत नाही.)

आता झडप चौकटीला जाऊन टेकली. पाणी तेच, दाब तोच, बिजागरी तीच. पण झडप आता हलत नाही. कोणत्याच पट्ट्याला त्वरणासाठी बल नको आहे, त्यामुळे आलेले सगळेच बल शिल्लक पडते. झडप फक्त खालच्या उंबऱ्यावर टेकली आहे असे धरले तर दोन-तृतीयांश भार, म्हणजे सुमारे ३,३५० न्यूटन, उंबरा घेतो. उरलेले सुमारे १,६७० न्यूटन बिजागरी घेते. क्षणापूर्वी शून्य, आता पावणेदोनशे किलोच्या जवळपास. "बिजागरीवरचे बल किती?" या प्रश्नाला वस्तूवर कोणती बले लागली आहेत एवढे सांगून उत्तर देता येत नाही. वस्तू काय करते आहे तेही सांगावे लागते. दांडीच्या उदाहरणात हे दिसत नाही, कारण तिथे दांडी नेहमी पडतच असते.

आणखी पुढे गेलात तर पुस्तकाला न आवडणारी एक गोष्ट समोर येते. खरी झडप फक्त उंबऱ्यावर टेकत नाही, चौकटीच्या चारही बाजूंवर टेकते. मग भार कोणी किती घ्यायचा हे समतोलाच्या समीकरणांवरून ठरतच नाही. समीकरणे कमी पडतात, अज्ञाते जास्त होतात. बिजागरीतला खिळा थोडा सैल असेल तर झडप चौकटीवर नीट बसेल आणि बिजागरी जवळजवळ मोकळी राहील. खिळा घट्ट असेल आणि बिजागरी तसूभर पुढे बसवली असेल, तर झडपेची वरची कड चौकटीपासून दूर राहील, फटीतून पाणी येईल, आणि बिजागरीला तिचा हिस्सा सोसावा लागेल. अशा ठिकाणी सैलपणा हा गुण ठरतो. "समीकरणे पुरत नाहीत" हे वाक्य मी शालेय वा कनिष्ठ महाविद्यालयीन पुस्तकात कधी वाचलेले नाही, आणि ते असावे अशी माझी फार इच्छा आहे. चार पायांच्या टेबलाच्या प्रत्येक पायावर किती भार, हा प्रश्न याच जातीचा. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही आणि चार पायांचे टेबल डुगडुगते, याचे कारणही तिथेच आहे.

दोन-तृतीयांश हा आकडा एव्हाना तीनदा आला. पडणाऱ्या दांडीवर जिथे त्वरण ग इतके असते तो बिंदू, पाण्याच्या दाबाचे केंद्र, आणि तिसरा न सांगता आलेला, ज्या ठिकाणी आघात केला असता बिजागरीला हिसका बसत नाही तो बिंदू. हे तीन योगायोग नाहीत. अंतराच्या वर्गांची बेरीज भागिले अंतरांची बेरीज, हाच एक भागाकार तीन वेषांत आलेला आहे. दार धाडकन भिंतीवर आपटू नये म्हणून जमिनीवर रबराचा अडथळा लावतात. तो पुष्कळदा जागा मोकळी राहावी म्हणून बिजागरीच्या अगदी जवळ लावलेला असतो. असे दार वाऱ्याने आपटले की बिजागऱ्या उपटायला लागतात. दाराच्या रुंदीच्या दोन-तृतीयांशावर लावला तर अडथळाच सगळा संवेग गिळतो. मोकळ्या कडेला लावला तर एक-तृतीयांश संवेगाचा हिसका बिजागरीला, तोही उलट बाजूने. आपल्या शाळेतली दारे मुलांना मोजायला लावावीत, अडथळे कुठे लावले आहेत ते पाहावे. उघाडीची झडप पाण्यात असल्याने सहसा इतकी आपटत नाही. पण भरतीबरोबर वाऱ्याच्या लाटा असल्या की तीही उंबऱ्यावर ठोके घेते, आणि उंबरा मोकळ्या कडेलाच असतो. बिजागरी गंजते हे खरेच. पण गंजलेल्या बिजागरीला शेवटचा धक्का कोण देतो, याचे उत्तर या एक-तृतीयांशात सापडू शकते.

प्रयोगांसाठी खर्च नाही. एक मीटरपट्टी घ्यावी. तिचे एक टोक टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने बिजागरीसारखे अडकवावे, दुसरे हाताने आडवे धरावे. पट्टीवर दर दहा सेंटिमीटरला एकेक चिंचोका ठेवावा आणि टोक एकदम सोडावे. ६७ सेंटिमीटरच्या आतले चिंचोके पट्टीबरोबर जातात, बाहेरचे तीन हवेत मागे राहतात, कारण तिथे पट्टी त्यांच्यापेक्षा जास्त त्वरणाने पळते. मोबाइलवर संथ चित्रण केले तर हे स्वच्छ दिसते. दुसरा प्रयोग कॅरमबोर्डवर. भुकटी टाकून लाकडी पट्टी ठेवावी आणि स्ट्रायकरने तिला आडवा टोला मारावा. मधोमध मारला तर सगळी पट्टी सरळ सरकते. कडेला मारला तर दुसऱ्या कडेचे टोक उलट दिशेला येते. दोन-तृतीयांशावर नेमका बसला तर दूरचे टोक क्षणभर जागच्या जागी राहते. तिथे बिजागरी असती तर तिला काहीच कळले नसते. मुलांना हे गणिताआधी दाखवावे, नंतर नव्हे.

भाषेची एक अडचण इथे नोंदवायला हवी. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीला विज्ञान शाखेत जातो आणि सगळे इंग्रजीतून ऐकतो. शाळेत तरफेच्या धड्यात भार, बल, टेकू शिकलेला असतो. अकरावीला "टॉर्क" येतो. टेकू आणि बिजागरी हे एकच आहेत आणि भाराचा भुज गुणिले भार म्हणजेच तो टॉर्क, हे त्याला कोणी सांगत नाही. मराठीतही एकवाक्यता कुठे आहे? पाठ्यपुस्तकात बल आणि जडत्व, तर विश्वकोशात प्रेरणा आणि निरूढी. दोन्ही शब्दसंच आपापल्या जागी शहाण्या माणसांनी केलेले आहेत. पण मुलाच्या डोक्यात ते तीन वेगळे विषय होऊन बसतात. तरफेचे पहिला, दुसरा, तिसरा असे प्रकार पाठ करून घेण्यात आपण जो वेळ घालवतो, त्यातला निम्मा तरी टेकूवर किती भार येतो हे काढण्यात घालवला तर ही फट बरीच बुजेल. अडकित्ता दुसऱ्या प्रकारचा हे सांगता येणे आणि अडकित्त्याची खीळच आधी का झिजते हे सांगता येणे, यांतले ज्ञान कोणते ते वाचकांनी ठरवावे.

पुस्तकातल्या दांडीच्या जागी मी कोणते गणित घालीन, ते सांगून थांबतो. सागवानी झडप, एक मीटर लांब, एक मीटर रुंद, पाच सेंटिमीटर जाड. सागाची घनता घनमीटरला ६५० किलो धरावी, खाऱ्या पाण्याची १,०२५. पहिला प्रश्न, पूर्ण बुडालेली झडप बिजागरीला खाली ओढते की वर? झडपेचे वस्तुमान साडेबत्तीस किलो, तिने बाजूला सारलेले पाणी एक्कावन्न किलोहून थोडे जास्त. म्हणजे झडप बिजागरीला वर ढकलते, आणि टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखी ती अस्थिर असते. जरा हलली की पाण्यात आडवी होऊन उघडी तरंगू पाहते. दुसरा प्रश्न, तिला सरळ लोंबती ठेवायला किती लोखंड जोडावे? लोखंडाची घनता ७,८०० धरून, सगळ्या झडपेवर सारखे पसरून जोडले तर निदान बावीस किलो. खालच्या कडेला एकवटून जोडले तर अकरा किलोत भागते, आणि का भागते ते मुलाने सांगावे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत आवडतो. बाहेर समुद्राचे पाणी बिजागरीच्या पातळीवर आहे. आत पावसाचे गोडे पाणी, त्याची घनता १,०००, तेही त्याच पातळीवर. झडप उघडेल की बंद राहील? बंद राहील, कारण खारे पाणी जड आहे आणि खाली जाऊ तसा त्याचा दाब वरचढ होत जातो. मग आतले पाणी किती चढले म्हणजे झडप सुटेल? दोन्ही बाजूंची आघूर्णे बरोबरीत आणली की उत्तर निघते. घनतेतला अडीच टक्के फरक गुणिले झडपेची उंची गुणिले दोन-तृतीयांश. एक मीटरच्या झडपेला सुमारे १.७ सेंटिमीटर. तोवर बाहेर ओहोटी लागायची वाट पाहावी लागते, आणि शेतात पाणी तुंबून राहते.